डबल शॉकअपची सायकल : हलकी घ्यावी की दणकट?



मागच्या महिन्यात रात्री साडेनवाच्या सुमारास माझ्या भावाचा मुलगा दारात उभा राहिला. हातात मोबाइल. "आत्या, दोन सायकली बघून ठेवल्यात. एक हलकी आहे, एक दणकट. कुठली घेऊ ते तू सांग." मी म्हणाले, "मला काय कळतंय रे सायकलीतलं? मी नर्स." तर म्हणतो कसा, "सायकलीतलं मला कळतं. हाडातलं तुला कळतं. म्हणून आलोय."

आरोग्याच्या पानावर सायकलीचा लेख कशाला, असे वाचकांपैकी काहींना वाटेल. पण आमच्या सारोळ्यासारख्या हायवेच्या गावात वस्तीतल्या पोरांचे हात-पाय कशाने मोडतात, याचा हिशेब मी वीस वर्षे डोळ्यांनी पाहिला आहे. जिना, विहीर, झाड ही जुनी कारणे. आता मोटारसायकल आणि सायकल. मोटारसायकलीवर याच पानावर पूर्वी लिहिले आहे. सायकल मात्र आपण खेळण्यात जमा करतो, आणि ती विकत घेताना कोणी विचारच करत नाही. लग्नातले भांडे घेताना चार दुकाने फिरणारी आपली माणसे सायकल घेताना पोराला रंग आवडला की पैसे मोजतात.

आधी या मुलाचे सांगते. तो नीरेच्या पुलापलीकडे शिरवळच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पुण्याहून सायकलवाल्यांचे गट भोर-वेल्ह्याकडे येतात. वेल्हे म्हणजे आता कागदोपत्री राजगड तालुका, पण तोंडातले वेल्हे काही जात नाही. मार्गासनी, गुंजवणे, केळद, मढे घाट या बाजूला ते डांबर सोडून मुरमाच्या, दगडगोट्यांच्या वाटांनी जातात. हा मुलगा त्यांच्याबरोबर मदतनीस म्हणून जातो. सगळ्यांच्या मागे राहायचे, पंक्चर काढायचे, कोणी पडले तर उचलायचे, पाणी द्यायचे. दिवसाचे पैसे मिळतात, जेवण मिळते. आतापर्यंत तो मागून आणलेल्या साध्या सायकलीवर हे करत होता. आता त्याच गटातल्या दोघांनी आपल्या जुन्या सायकली विकायला काढल्या. दोन्हीला पुढेही शॉकअप, मागेही शॉकअप. दोन्हीची किंमत साठ हजार. याने अडतीस हजार साठवलेले, उरलेले वहिनीच्या बचत गटातून उचलायचे. वहिनीचे मत एका वाक्याचे होते : "साठ हजारात म्हैस येईल."

वहिनी चुकीचे बोलली असे मी म्हणणार नाही. पण म्हैस रविवारी मढे घाटात घेऊन जाता येत नाही, आणि हा मुलगा त्या सायकलीवर पैसे कमावणार होता. म्हणजे ती त्याच्यासाठी हत्यार होती. शिंप्याचे मशिन, गवंड्याची थापी, तशी ती सायकल. हे ध्यानात घेतले नाही तर हलकी-दणकटचा प्रश्नच चुकतो, आणि पहिल्या दिवशी तो माझाही चुकला.

या सायकली काय असतात ते थोडक्यात. साध्या सायकलीला पुढे नुसता चिमटा असतो. डोंगरी सायकलीच्या चिमट्यात स्प्रिंग किंवा हवा आणि तेल भरलेले असते, तो दाबला जातो आणि परत वर येतो. डबल शॉकअपमध्ये फ्रेमचा मागचा भागही बिजागरीवर हलतो आणि त्याला वेगळा शॉकअप असतो. आपण समजतो की हे सगळे बुडाला आराम मिळावा म्हणून केलेले आहे. आराम मिळतोही. पण खरे काम वेगळे. खडबडीत वाटेवर चाक उडाले की त्याची जमिनीवरची पकड सुटते, ब्रेक लागत नाही आणि हँडल ऐकत नाही. चाक जमिनीला धरून ठेवणे हे शॉकअपचे काम.

हलक्या जातीच्या सायकलीत हा शॉकअप साधारण 100 ते 120 मिलिमीटर हलतो. ऑलिम्पिकमध्ये 1996 सालच्या अटलांटापासून डोंगरी सायकलची शर्यत आहे, तिथे या जातीच्या सायकली असतात, कारण तिथे चढ भरपूर आणि वेळ सेकंदात मोजतात. दणकट जातीत तो 140 ते 170 मिलिमीटर हलतो. फ्रेम जाड, चाके मजबूत, टायर रुंद, ब्रेक मोठे, पुढचे चाक जरा पुढे पसरलेले, म्हणजे उतारावर तोंडावर पडण्याची भीती कमी. या पोराने दाखवलेल्यांपैकी हलकी होती 13 किलोची आणि दणकट साडेपंधरा किलोची. अडीच किलोचा फरक.

मी पटकन म्हणाले, हलकी घे. माझ्या डोळ्यांसमोर गुडघे होते. आठवडाभर कंपनीत आठ-आठ तास उभा राहणारा पोरगा, त्यात रविवारी जड सायकल चढावर रेटणार, म्हणजे तिशीत गुडघे जाणार, असे माझे गणित. तो खूश झाला, कारण त्याला हलकीच आवडली होती. दिसायलाही ती देखणी होती, खोटे कशाला बोलू.

रात्री झोप लागेना. सकाळी उठून मी वहीत आकडे मांडले. पोराचे वजन 58 किलो. हलक्या सायकलीसह 71 किलो, दणकट सायकलीसह साडेत्र्याहत्तर. म्हणजे चढाला साडेतीन टक्के ओझे जास्त. अर्ध्या तासाच्या चढाला साधारण एक मिनिट जास्त लागेल, किंवा तेवढाच जास्त दम लागेल. बस. तो पाठीवर दोन लिटर पाणी, पंप, ट्यूबा, पाने आणि माझी दिलेली मलमपट्टीची पिशवी घेऊन जातो, तिचे वजन या फरकापेक्षा जास्त भरते. आणि सगळ्यांच्या मागे चालणाऱ्याला मिनिटाची घाई कोणासाठी करायची?

गुडघ्याचे म्हणाल, तर सायकलीने गुडघे दुखतात त्याचे कारण बहुतेक वेळा सायकलीचे वजन नसते. सीट खाली असते. आपल्याकडे निम्म्या सायकलींची सीट इतकी खाली असते की माणूस बेडकासारखा पाय मुडपून पायडल मारतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक उरतो, तो बरोबर. दुसरे कारण गिअर. चढावर जड गिअर लावून उभे राहून रेटायचे, यात पोरांना मर्दुमकी वाटते. हलका गिअर टाका, पाय भराभर फिरू द्या. गिअर असलेली सायकल जड असली तरी गुडघा वाचतो, आणि हलकी सायकल जड गिअरवर चालवली तर गुडघा जातो.

मग दुसरी बाजू मांडली : तो पडला तर?

डोंगरात सायकल चालवणारा पडतोच. प्रश्न किती वेळा आणि कसा पडतो एवढाच. हलकी सायकल चालवायला हात तयार लागतो. दगड चुकवता आला पाहिजे, वजन कुठे टाकायचे ते कळले पाहिजे. ती पटकन वळते, तशीच पटकन फेकूनही देते. दणकट सायकल चूक पोटात घालते. या मुलाने ज्यांच्याबरोबर जायचे ते लोक शिकवणी घेऊन, गुडघ्या-कोपरांना कवच बांधून येतात. पडले तर सोमवारी ऑफिसला कळवून घरी बसतात, पगार चालू राहतो. आपला पोरगा पडला तर सोमवारी काम नाही, आणि काम नाही तर दाम नाही. सायकल-सायकलमधला फरक मला इथे दिसला. चूक परवडणाऱ्याने हलकी घ्यावी. ज्याला परवडत नाही त्याने चूक पोटात घालणारी घ्यावी.

पडल्यावर काय मोडते तेही सांगते. माणूस पुढे पडताना हात टेकतो किंवा खांद्यावर आदळतो. खांद्यावर आदळला की गळ्याखालचे आडवे हाड मोडते. त्याला बहुधा झोळी बांधून सहा ते आठ आठवडे लागतात, आणि ओझे उचलायला त्याहून जास्त. कंपनीत खोकी उचलणाऱ्याचे तीन महिने गेलेच म्हणून समजा. हात टेकला तर मनगट. यात एक लबाड हाड आहे. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी मनगटावर खळगा पडतो. पडल्यानंतर त्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही तरी "मुरगळलंय, तेल लावू" म्हणून गप्प बसू नका. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो. चीर सुरुवातीच्या फोटोत कधी कधी दिसत नाही, आणि ते तसेच राहिले तर जुळत नाही. पुढे त्या हातात पकड राहत नाही. डॉक्टरला स्पष्ट सांगा की खळग्यात दुखते, आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा का ते विचारा. मी नोकरीत असताना एका तरुणाचे असेच झाले. तीन आठवडे त्याला गोळ्या देऊन परत पाठवले गेले आणि शेवटी उजव्या हाताने त्याला हातोडा धरता येईना. त्याला परत पाठवणाऱ्यांत मीही होते, केसपेपरवर माझ्या हाताची नोंद आहे. म्हणून हे इतके खोलात लिहिते.

कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलांनी आणखी एक गोष्ट आजच पाहावी. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि कंपनीला ईएसआय लागू असेल तर तुमच्या पगारातून 0.75 टक्के कापले जात असतील. पगाराची पावती बघा. कापत असतील तर तुमचा विमा क्रमांक मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असली तर आजारपणात पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते. रविवारी डोंगरात पडून हाड मोडले आणि डॉक्टरने विश्रांती लिहून दिली, तरी ती यात बसते. घरून कामावर जाता-येता अपघात झाला आणि त्याचा कामाशी संबंध दिसला तर तो कामावरचाच अपघात धरतात, त्यात 90 टक्के मिळतात. कापले जातात पण नंबर माहीत नाही, अशी मुले आमच्या एका वस्तीत मी सात मोजली.

असो. दुसऱ्या दिवशी मी पोराला बोलावून सांगितले, काल चुकले, दणकट घे. त्याचे तोंड पडले. "आत्या, तू रात्रीतून पार्टी बदललीस." बदलली.

पण हाच सल्ला मी सगळ्यांना देणार नाही. त्याची बहीण कॉलेजला आहे, वजन 42 किलो. तिलाही सायकलचा नाद लागला आहे. तिच्यासाठी मी हलकीच सांगेन. अडीच किलो 58 किलोच्या माणसाला जाणवत नाहीत तेवढे तिला जाणवतात. शिवाय दणकट सायकलीचा मागचा शॉकअप जाड स्प्रिंगचा असेल तर तिच्या वजनाने तो दबतच नाही, आणि न दबणारा शॉकअप म्हणजे नुसते लोखंडाचे ओझे. सगळे धक्के कण्याला. शॉकअप बरोबर लागला आहे की नाही याची खूण अशी की नेहमीच्या सामानासकट सीटवर बसल्यावर तो आपल्या पूर्ण हालचालीच्या चौथा हिस्सा ते जरा जास्त, म्हणजे 25 ते 30 टक्के दबला पाहिजे. हवेचा असेल तर त्यासाठीच्या छोट्या पंपाने हवा कमी-जास्त करता येते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने भरू नका. फार मऊ ठेवला तर सायकल खाली बसते आणि पायडल दगडाला लागतो, तेही वाईट.

मुलींच्या बाबतीत वजनाआधी रक्त तपासा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. चढावर दम लागतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हा सायकलीचा दोष नसतो. हिमोग्लोबिन आठ-नऊ असलेल्या मुलीला हलकी सायकल घेऊन देऊन चढ सोपा होणार नाही. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. आणि ज्यांची मुळे विदर्भात आहेत त्या घरांनी सिकलसेलची तपासणी केलेली असावी. आपल्या समाजात तिकडे हा आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरला विचारल्याशिवाय उन्हात, तहान मारून घाट चढू नये. अंगातले पाणी कमी झाले की दुखण्याचा झटका येतो.

आता शाळकरी मुलांच्या आयांशी बोलते, कारण हा भाग तुमचा आहे.

वर सांगितलेल्या सायकली नव्या घ्यायच्या तर लाखाच्या घरात जातात. बाजारात सात-आठ हजारांना जी डबल शॉकअपची सायकल मिळते ती त्यांची बहीण नव्हे. ती दिसते तशी, असते वेगळी. लोखंडी फ्रेम, सतरा-अठरा किलोपासून वीस किलोपर्यंत वजन. मागे नुसती स्प्रिंग. तिच्या उसळीला आवर घालणारे तेल त्यात नसते, म्हणून ती दबते तेवढ्याच जोराने फेकते. पायडल मारताना पोराची निम्मी ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते आणि सायकल घोड्यासारखी नाचते. मधली बिजागरी वर्षभरात खुळखुळते. ती नाही हलकी, नाही दणकट. दोन्हीकडचे वाईट तेवढे एकत्र केले आहे. कॅरियर नीट बसत नाही, मग दप्तर पाठीवर. मडगार्ड नाही, मग पावसाळ्यात शाळेचा पांढरा शर्ट मागून तपकिरी.

शाळेसाठी, किराण्यासाठी, वीरकडच्या रस्त्याने शेतावर जाण्यासाठी बिनशॉकअपची सरळ सायकल घ्या. त्याच पैशात ती हलकी मिळते, टायर जरा रुंद घेतले तर खड्ड्यांचे धक्के टायरच खातो, आणि गावातला पंक्चरवाला तिचे सगळे दुरुस्त करू शकतो. पोरगा रुसेल. 2026 च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तिच्या सायकली त्याला मोबाइलवर दाखवा. जगातले पट्टीचे सायकलवाले घाटातून गेले, एकाच्याही सायकलीला शॉकअप नव्हता. (त्यांच्या सायकलीचे वजन नियमाने 6.8 किलोपेक्षा कमी चालत नाही. ते ऐकून तो हलकीचा हट्ट धरेल, त्याला माझा इलाज नाही.)

पैशांचे म्हणाल तर जिल्हा परिषद आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले 20 टक्के आणि ग्रामपंचायत 15 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी राखून ठेवते. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींना सायकल देण्याच्या योजना या निधीतून निघतात. अशा योजनांत बऱ्याचदा आता सायकल हातात देत नाहीत. आपण खरेदी करायची, पावती दाखवायची, पैसे खात्यावर जमा होतात. म्हणजे निवड आपल्या हाती आली आहे. ती दुकानदाराच्या हाती देऊ नका. पंचायत समितीत समाजकल्याणच्या टेबलावर जाऊन यंदाचे अर्ज कधी निघणार ते विचारा, जातीचा दाखला आणि शाळेचे बोनाफाइड तयार ठेवा.

सायकल कुठलीही घ्या, हँडलच्या दोन्ही टोकांना रबराची मूठ शाबूत आहे का, हे आज संध्याकाळी घरी जाऊन बघा. मूठ फाटली की आत नळीचे उघडे टोक राहते. पोरगा पडताना हँडल फिरते आणि ते टोक पोटात घुसते. वर नुसता गोल वण दिसतो, आत यकृत किंवा प्लीहा फाटलेली असू शकते. पोरगा तासभर खेळतो आणि मग पांढराफटक पडतो. हँडल पोटात लागल्यानंतर पोट दुखत राहिले, उलटी झाली, खांद्यात कळ आली, तर घरी थांबायचे नाही. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने भोरचे उपजिल्हा रुग्णालय गाठा, आणि "सायकलचं हँडल पोटात लागलंय" हे शब्द डॉक्टरला सांगा. रबरी मूठ वीस-तीस रुपयांत येते.

भाच्याच्या सायकलीकडे परत येते. जुनी डबल शॉकअपची घेताना काय पाहायचे ते आम्ही दोघांनी मिळून पाहिले, मी हाडे तपासावीत तशी. सीट धरून सायकल एक-दोन इंच उचलायची आणि सोडायची. आत 'टक' असा आवाज आला, हाताला खुळखुळ जाणवली, तर बिजागरीचे बेअरिंग गेले. चिमट्याच्या चकचकीत नळीवर बोट फिरवायचे. चरा लागला किंवा तेलाचा ओघळ दिसला तर सील गेले. हँडलखाली जिथे नळ्या जोडलेल्या असतात तिथे आणि बिजागरीच्या जोडाजवळ रंगात केसासारखी रेघ आहे का, ते बॅटरी मारून बघायचे. ती हलकी सायकल कार्बनच्या फ्रेमची होती. कार्बन चांगलाच असतो, पण आतून तडकला तरी वरून दिसेलच असे नाही, आणि जुनी वस्तू घेताना ती आधी किती वेळा आपटली हे विकणाराच जाणे. अॅल्युमिनियमला पोच आला तर निदान दिसतो. ब्रेकच्या तेलाचे दोन प्रकार असतात, एकात दुसरे घातले तर सील फुगून ब्रेक निकामी होतो. म्हणून कुठले तेल ते विचारून लिहून घेतले.

देखभालीचा खर्च त्याने धरला नव्हता. शॉकअप बनवणारे सांगतात की चिमट्याचे तेल-सील साधारण 50 तास चालवल्यावर आणि मागचा शॉकअप साधारण 100 तासांनी उघडून साफ करावा. सारोळ्यात हे करणारा नाही, पुण्याला जावे लागते. याचे महिन्याला तीनशे रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे ठरले. आणि चिखलाची सायकल वॉशिंग सेंटरच्या जोरदार पाण्याखाली धरायची नाही, पाणी बेअरिंगमध्ये शिरते. बादली आणि फडके पुरे. हेल्मेट नवेच घ्यायचे, दुसऱ्याने वापरलेले नाही. हेल्मेट एकदा डोक्यासकट आपटले की त्यातला फोम दबून जातो आणि दुसऱ्या वेळी तो काही करत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बिलावर. विकणारा म्हणाला, बिल सापडत नाही, पण ओळखीचा माणूस आहे, विश्वास ठेवा. मी म्हणाले, बिलाशिवाय सायकल घरात येणार नाही. भाच्याला राग आला, मी त्या भल्या माणसाचा अपमान केला असे त्याला वाटले. त्याला मागच्या वर्षीची गोष्ट आठवून दिली. आमच्याच वस्तीतला एक पोरगा मालकाची महागडी सायकल धुऊन परत द्यायला निघाला होता. हायवेवर त्याला अडवून दीड तास बसवून ठेवले. "कुठून उचलली?" त्याने नाव सांगितले, आडनाव सांगितले, गावात कुठे राहतो ते सांगितले. वस्तीचे नाव ऐकल्यावर प्रश्न वाढले, कमी झाले नाहीत. शेवटी मालक आल्यावर सोडले. त्या पोराने नंतर सायकलीला हात लावला नाही. लाखाची वस्तू आपल्या पोराच्या हातात दिसली की लोक आधी चोरी समजतात. हे बदलण्यासाठी आपण लढतोच आहोत, पण ते बदलेपर्यंत खिशात कागद पाहिजे. सायकल उलटी केली की पायडलच्या दांड्याखाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो. तो नंबर, विकणाऱ्याची सही, तारीख आणि रक्कम अशी विक्रीची पावती लिहून घेतली. तीन दिवसांनी त्या माणसाला मूळ बिलही सापडले. दोन्हीची झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात घालून सीटखालच्या पिशवीत ठेवली आहे आणि फोटो माझ्या मोबाइलमध्ये.

आणखी एक विषय निघाला म्हणून लिहिते. 20 मार्च 2027 ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतील. आमच्याकडची काही मुले म्हणत आहेत की भोरवरून वरंधा घाटाने सायकलवर महाडला जायचे. चांगली कल्पना आहे, मला आवडली. पण त्यासाठी कोणी डबल शॉकअप घ्यायला निघू नका. घाटाचा रस्ता डांबरी आहे. तिथे शॉकअप नाचून दमवतो. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो बंद करण्याचा खटका असतो, तो चढाला दाबून ठेवावा आणि खराब रस्ता आला की सोडावा. त्या रस्त्याची खरी परीक्षा उतार आहे. वरंध्याहून कोकणात उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला की तापतो आणि धरत नाही. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा, पुढचा आणि मागचा दोन्ही वापरा. निघण्याआधी ब्रेकचे रबर नवे घाला, दोन रात्री नीट झोपा, आणि पहिल्यांदा एवढे लांब जाण्याआधी दोन-तीन महिने दर रविवारी थोडे थोडे अंतर वाढवत न्या. ज्यांना साखर, रक्तदाब आहे अशा मोठ्यांनी आधी तपासून घ्यावे. बरोबर टेम्पो ठेवा आणि दमलेल्याने त्यात बसायला लाजू नये.

भाच्याने सायकल आणून दीड महिना झाला. दोनदा पडला. एकदा कोपर सोलले, धनुर्वाताचे इंजेक्शन मीच द्यायला लावले. दुसऱ्यांदा केळदच्या बाजूला ओल्या दगडावरून घसरला, सायकलीच्या फ्रेमला पोच आला, त्याला काही झाले नाही, सोमवारी कामावर हजर. हलकीवर असता तर काय झाले असते ते मला सिद्ध करता येणार नाही. तो अजून म्हणतो की हलकीच भारी होती. बचत गटाचा पहिला हप्ता रविवारच्या पैशांतून फिटला. वहिनी सायकलीला म्हैसच म्हणते, पण रात्री ती आत घेतली का, हे आता तीच बघते.

आमच्याकडच्या वाचकांनी पुढच्या रविवारी सकाळी वंदना झाल्यावर घरातली सायकल विहाराच्या अंगणात आणावी. सीटची उंची, हँडलच्या मुठी, ब्रेक एवढे मी आणि भाचा मिळून बघून देऊ. पाना मात्र आपापला आणा.